अंदाज देणं थांबवलं आणि काम मार्गी लागलं : हैदराबादच्या एका मेंटेनन्स टीमचं प्रकरण

कानबान, म्हणजे एका वेळी किती काम हातात घ्यायचं यावर मर्यादा घालून काम पुढे नेण्याची पद्धत, म्हटलं की भिंतीवरचा बोर्ड आणि त्यावरच्या रंगीत चिठ्ठ्या आठवतात. इथे ज्या टीमबद्दल लिहितो आहे तिच्याकडे बोर्ड नव्हता आणि चिठ्ठ्याही नव्हत्या. तरीही सॉफ्टवेअरच्या कामात कानबानची चर्चा सुरू झाली, ती ज्या उदाहरणांवरून झाली त्यांत या टीमचं नाव अगदी वर असतं. काळ २००४-०५ चा. कंपनी मायक्रोसॉफ्ट, काम करणारी टीम हैदराबादला, मागणी करणारे आणि निर्णय घेणारे अमेरिकेत रेडमंडला. डेव्हिड अँडरसन त्या वेळी मायक्रोसॉफ्टमध्येच होते आणि या बदलात त्यांचा सल्ला होता. पुढे त्यांनी हे प्रकरण जाहीरपणे मांडलं. बाकीच्यांची नावं इथे देत नाही, भूमिकांवर काम भागतं.

या प्रकरणातली माझी आवड आकड्यांपुरती नाही. काम एका वेळी किती घ्यायचं यावर मर्यादा घालणं हा त्यातला सोपा भाग होता. अवघड होतं ते मागणी करणाऱ्या चार माणसांना वर्षानुवर्षं मिळत आलेलं एक आश्वासन काढून घेणं, आणि तेही त्यांच्याच संमतीने.

पार्श्वभूमी

कंपनीच्या अंतर्गत आयटीचे आठ विभाग होते. त्यांतल्या एका विभागाकडे जगभरच्या कर्मचाऱ्यांच्या वापरातली सुमारे ८० ॲप्लिकेशन्स होती. ती चालू ठेवणं, त्यांत छोटे बदल करणं, चालू प्रणालीत सापडलेले दोष दुरुस्त करणं हे काम एका छोट्या टीमवर सोपवलेलं होतं. ही टीम एका बाहेरच्या पुरवठादार कंपनीची होती: तीन डेव्हलपर, तीन टेस्टर आणि एक स्थानिक मॅनेजर. पुण्यात, बंगळूरमध्ये, हैदराबादमध्ये ज्यांनी मेंटेनन्स प्रोजेक्टवर दिवस काढले आहेत त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको.

टीम ढिसाळ होती असंही नाही. सीएमएमआय या कंपन्यांची कार्यपद्धती किती पक्की आहे ते जोखणाऱ्या मापात पुरवठादार पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचा होता. कामाची पद्धत पीएसपी (एकट्या इंजिनिअरसाठी) आणि टीएसपी (टीमसाठी), म्हणजे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेत वॉट्स हम्फ्री यांनी बांधलेली शिस्त. या शिस्तीत प्रत्येक इंजिनिअर आपला वेळ कशावर गेला याची नोंद ठेवतो. अनेकांना ही नोंदवही छळ वाटते. पण या प्रकरणात पुढे जे काही सिद्ध करता आलं ते या नोंदींमुळेच.

२००४ च्या उत्तरार्धात रेडमंडला एक नवा प्रोग्रॅम मॅनेजर या टीमवर आला. विभागात या टीमची ख्याती सर्वांत वाईट सेवेची होती. ग्राहक नाराज, तारखा पाळल्या जात नाहीत, थकलेल्या मागण्यांची यादी दर महिन्याला लांबते. नव्या मॅनेजरच्या हातात फारसा अधिकार नव्हता. ज्या चार प्रॉडक्ट मॅनेजरांकडून मागण्या येत ते त्याच्या हाताखाली नव्हते, आणि पैसाही त्यांच्याच अंदाजपत्रकांतून यायचा.

काम कसं फिरत होतं

एखाद्या विभागाला बदल हवा असला की तो प्रॉडक्ट मॅनेजरकडे जाई. तिथून मागणी हैदराबादला. ४८ तासांत तिचा ढोबळ अंदाज परत पाठवायचा, असं टीमचं बांधलेलं आश्वासन होतं. किती वेळ लागेल, किती खर्च येईल, कोणत्या भागांना हात लावावा लागेल, हे त्यात यायचं. मग महिन्यातून एकदा सगळे बसत. अंदाज आणि अपेक्षित फायदा शेजारी ठेवून मागण्यांचा क्रम लावत, आणि टीम त्या क्रमाने काम उचलत असे. पुढच्या महिन्यात नव्या मागण्या आलेल्या असत, म्हणून क्रम पुन्हा लागे.

कागदावर यात खोट काढायला जागा नाही. खर्च माहीत असल्याशिवाय निर्णय कसा घ्यायचा, हा प्रश्न कोणीही शहाणा माणूस विचारेल.

याशिवाय आणखी दोन प्रकारची कामं होती. चालू प्रणालीतले दोष, जे तातडीचे म्हणून रांग सोडून पुढे जात. आणि मजकुरातले किंवा तक्त्यांमधले किरकोळ बदल, ज्यांना डेव्हलपर लागत नसे, पण नियमाप्रमाणे चाचणी मात्र पूर्ण करावी लागे. हे बदल आधी न सांगता येत, तेही बहुधा झुंडीने.

अडचण

एखादी मागणी मान्य होऊन प्रत्यक्षात उतरायला पाच महिने लागत होते, साधारण १५५ दिवस. त्यातलं प्रत्यक्ष काम सरासरी ११ दिवसांचं. बाकीचे दिवस मागणी कुठे ना कुठे नुसती पडून असे. थकलेल्या मागण्या ८० च्या पुढे गेल्या होत्या. एका तिमाहीत हातावेगळ्या होत होत्या त्या १७.

घोडं कुठे पेंड खात होतं, हे वेळेच्या नोंदींत दिसलं. दर महिन्याला वीस ते पंचवीस नव्या मागण्या येत. एका मागणीचा अंदाज काढायला एका डेव्हलपरचा आणि एका टेस्टरचा एकेक दिवस जाई. कागदपत्रं वाचायची, जुना कोड उघडायचा, कुठे काय तुटेल ते पाहायचं, लिहून काढायचं. तीन डेव्हलपरांचे महिन्याचे कामाचे दिवस जेमतेम त्रेसष्ट. त्यांतले वीस ते पंचवीस अंदाजात. म्हणजे टीमची ३३ ते ४० टक्के ताकद काम करण्याऐवजी कामाला किती वेळ लागेल हे सांगण्यात खर्च होत होती.

आणि ४८ तासांचं आश्वासन असल्यामुळे हा अंदाज हातातल्या कामापेक्षा नेहमीच वरचढ ठरे. डेव्हलपर एखाद्या बदलात अर्धा शिरलेला असताना नवी मागणी आली की ते बाजूला, अंदाज आधी. परत येऊन धागा शोधायचा. हा तुकड्यातुकड्यांनी गेलेला वेळ नोंदींत वेगळा दिसत नाही, पण ज्याने असं काम केलं आहे त्याला त्याची किंमत माहीत आहे.

याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. ज्यांचा अंदाज काढला त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मागण्या कधीच झाल्या नाहीत. काही फार मोठ्या निघाल्या म्हणून रीतसर प्रकल्पाकडे गेल्या. काही फायद्याच्या मानाने महाग ठरल्या. काही इतक्या रेंगाळल्या की तोवर ते ॲप्लिकेशनच बंद झालं. म्हणजे अंदाजावर घालवलेल्या वेळातलाही निम्मा पाण्यात.

समोर कोणत्या वाटा होत्या

पहिली वाट सगळ्यांना सुचते ती: माणसं वाढवा. पण सहाच्या जागी आठ माणसं घेतली असती तरी त्यांतल्या प्रत्येकाचा तिसरा हिस्सा अंदाजातच गेला असता. शिवाय अशा बदनाम टीमला जादा पैसा कोण देतो?

दुसरी, अंदाज अधिक अचूक करण्याची. पाचव्या पातळीच्या पुरवठादाराकडे हे करण्याची हातोटी होती आणि बहुतेक कंपन्या याच दिशेने जातात. तारीख चुकली की साचा आणखी लांब करायचा, त्यात आणखी दोन रकाने घालायचे. अशाने अंदाजाला एकाऐवजी दीड दिवस लागला असता.

तिसरी, ठरावीक मुदतीच्या स्प्रिंटमध्ये काम बांधायचं. तेव्हा अजाइलचा, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत देत जाण्याच्या पद्धतींचा, बोलबाला सुरू झालेला होता. पण इथे मागण्या ८० वेगवेगळ्या ॲप्लिकेशन्सच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या, आणि तातडीचे दोष कधीही येणारे. दोन-तीन आठवड्यांचा कप्पा आखून त्यात काम बसवायचं म्हटलं तरी त्याआधी अंदाज लागणारच. शिवाय करारात पीएसपी-टीएसपीची पद्धत लिहिलेली. ती बदलायची तर पुरवठादाराशी नव्याने वाटाघाटी करायला हव्या होत्या.

चौथी वाट: काम करण्याची पद्धत तशीच ठेवायची, इंजिनिअरांना नवीन काही शिकवायचं नाही, फक्त काम आत येण्याचे नियम बदलायचे. शेवटी हीच निवडली गेली. मला या निवडीत सर्वांत शहाणपणाचं हे वाटतं की हैदराबादच्या सहा जणांना ‘तुम्ही चुकीचं काम करता’ असं कुठेच ऐकावं लागलं नाही. ते चुकीचं काम करतच नव्हते.

पहिला निर्णय : अंदाज बंद

चारही प्रॉडक्ट मॅनेजरांपुढे प्रस्ताव ठेवला गेला की ढोबळ अंदाज पूर्ण बंद करायचे. हरकती अपेक्षित होत्या आणि त्या योग्यही होत्या. खर्च माहीत नसेल तर फायद्याशी तुलना कशी करायची? आणि एखादं अजस्र काम नकळत आत शिरलं तर?

दुसऱ्या हरकतीला उत्तर जुन्या नोंदींत होतं. या टीमकडे १५ दिवसांपर्यंतचीच कामं यायला हवी होती, त्यापेक्षा मोठी ती प्रकल्पाकडे. आजवर ही मर्यादा ओलांडणाऱ्या मागण्यांचं प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी भरलं. दोन टक्के टाळण्यासाठी शंभर टक्के कामांवर डेव्हलपर आणि टेस्टरचा एकेक दिवस खर्च होत होता. त्याऐवजी असं ठरलं की काम हातात घेतल्यावर ते मोठं आहे असं इंजिनिअरला दिसलं, तर त्याने तिथेच थांबून कळवायचं. मग ते इथेच करायचं की प्रकल्पाकडे द्यायचं, ते वर ठरेल.

पहिल्या हरकतीचं उत्तर हिशेबाच्या वहीत होतं, आणि हा वाद माझ्या मते प्रकरणाचा कणा आहे. प्रत्येक मागणीला एक खर्च चिकटवला जाई, तासांना दराने गुणून. पण प्रत्यक्षात पैसा तसा जात नव्हता. पुरवठादाराशी करार बारा महिन्यांचा. सहा माणसांचं बिल दर महिन्याला ठरलेलं, मग ती काम करोत, अंदाज काढोत किंवा वाट पाहत बसोत. त्यामुळे ‘हे काम महाग आहे’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नव्हता. पैसे आधीच दिलेले आहेत. प्रश्न एवढाच उरतो की या क्षमतेतून पुढचं कोणतं काम काढून घ्यायचं. हे एकदा पटल्यावर अंदाजाची गरज आपोआप ढिली झाली.

इथे एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. हा युक्तिवाद ठरावीक क्षमतेच्या करारातच चालतो. जिथे पुरवठादार तासागणिक किंवा कामागणिक बिल लावतो तिथे प्रॉडक्ट मॅनेजरने अंदाज सोडायला नकार दिला तर त्याला दोष देता येणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच सर्व्हिस कंपन्यांत कानबानचे बोर्ड लागतात आणि काही बदलत नाही, त्याचं कारण करारात दडलेलं असतं. टीमला त्या कराराचा कागद कधी दाखवलेलाही नसतो.

दुसरा निर्णय : आत किती, आणि केव्हा

आधी सगळ्या मान्य मागण्या टीमच्या अंगावर टाकलेल्या असत. आता डेव्हलपरच्या हातात एका वेळी एकच काम, आणि त्यांच्यापुढे थांबलेली पाच. बस. चाचणीच्या बाजूलाही मर्यादा. बाकीच्या मागण्या बाहेर, यादीत. ती यादी हैदराबादने पाहायचीसुद्धा नाही.

महिन्याच्या बैठकीची जागा आठवड्याच्या फोनने घेतली. त्या आठवड्यात जितकी कामं पुढे सरकली तितक्या जागा रिकाम्या. त्यामुळे चौघांपुढचा प्रश्न पार बदलला. ८० मागण्यांचा क्रम लावण्याऐवजी आता विचारलं जाई: दोन जागा मोकळ्या आहेत, इथून २५ दिवसांनी तुमच्या हातात काय पडायला हवं?

हे २५ दिवस म्हणजे टीमने दिलेलं नवं आश्वासन. मागणी आतल्या रांगेत शिरली की घड्याळ सुरू. बाहेरच्या यादीत ती किती काळ होती याचा टीमशी संबंध नाही. आधीचं आश्वासन ४८ तासांत अंदाज देण्याचं होतं, ते पाळलंही जाई, आणि त्यापायी खरं काम रखडे. नवं आश्वासन खुद्द कामाचं होतं.

हा टप्पा मान्य होण्यात एक मेख होती. प्रॉडक्ट मॅनेजरांना तोवर तारखा मिळत होत्या, फक्त त्या खऱ्या होत नव्हत्या. तारीख सोडून देताना माणूस आधी घाबरतो. पण आठवड्याला एक-दोन जागांचाच निर्णय घ्यायचा असल्याने चुकीच्या निवडीचा फटकाही लहान झाला. आज चुकलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जागा आहे. पूर्वी महिनाभर थांबावं लागे, म्हणून प्रत्येक जण आपली मागणी आत्ताच आत ढकलायला धडपडे. एक ना धड भाराभर चिंध्या, त्यातून झालेल्या.

काही काळाने आठवड्याचा फोनही जड वाटू लागला आणि निवड ईमेलवर होऊ लागली. यादीबाबतही एक नियम आला: सहा महिन्यांत कोणी उचललं नाही ते काढून टाकायचं. खरंच हवं असेल तर मागणारा पुन्हा मागेल.

तिसरा निर्णय : टेस्टर की डेव्हलपर

मर्यादा घातल्यावर काम कुठे साठतं ते स्वच्छ दिसू लागलं. डेव्हलपरांपुढे रांग कायम, टेस्टरांकडे मात्र मधूनमधून मोकळा वेळ. तीनास तीन हे प्रमाण कोणी विचार करून ठरवलेलं नव्हतं, चालत आलेलं होतं. ते चारास दोन केलं, एकूण माणसं सहाच ठेवून. काम आणखी वेगाने सुटू लागलं.

हा निर्णय आधी घेतला असता तर? मला वाटतं, फसला असता. अंदाजाचा भार डेव्हलपर आणि टेस्टर दोघांवर सारखा होता, त्यामुळे दोघेही सारखेच दमलेले दिसत. आधी तो भार उतरला, मग खरी अडचण कोणाकडे आहे ते उघडं पडलं. माणसं वाढवण्याची पाळी सर्वांत शेवटी, २००५ मध्ये आली: दोन जास्त, म्हणजे पाच डेव्हलपर आणि तीन टेस्टर. तोवर आकडे बोलू लागले होते, त्यामुळे पैसा मागताना टीमच्या बदनामीचं ओझं नव्हतं.

निकाल

२२ नोव्हेंबर २००५ ला थकलेल्या मागण्यांची यादी संपली. मागणी आत आल्यापासून हातात पडेपर्यंतचा सरासरी काळ १४ दिवसांवर आला. २५ दिवसांचं आश्वासन ९८ टक्के वेळा पाळलं गेलं. तिमाहीत १७ ऐवजी ५६ मागण्या पूर्ण होऊ लागल्या. एका मागणीमागचा खर्च सुमारे ७,५०० डॉलरवरून २,९०० डॉलरवर उतरला.

हे आकडे सांगताना ‘उत्पादकता २३० टक्के वाढली’ असं वाक्य हमखास येतं. ते जरा जपून घ्यावं. १७ मागण्या सहा माणसांच्या होत्या, ५६ आठ माणसांच्या. माणशी पाहिलं तर तिमाहीला पावणेतीनवरून सात, म्हणजे अडीचपट. तीही थक्क करणारीच वाढ आहे, फुगवायची गरज नाही. मला पडणारा दुसरा प्रश्न मागण्यांच्या आकाराचा. मोजणी नगावर होती. अंदाज बंद झाल्यावर आणि आठवड्याला एखाद-दुसरीच जागा मिळू लागल्यावर प्रॉडक्ट मॅनेजर लहान कामं पुढे करू लागले असतील, तर त्या वाढीचा काही भाग त्यात आहे. तसं झालं असेल तर ती वाईट गोष्ट नव्हे, पण ती वेगळी गोष्ट आहे.

१५५ आणि १४ यांची तुलनाही नीट समजून घ्यावी लागते. नव्या पद्धतीत घड्याळ रांगेत शिरल्यावर सुरू होतं. बाहेरच्या यादीतलं थांबणं त्यात धरलेलं नाही. यादी शेवटी रिकामी झाली म्हणून हा फरक मिटला. ती तशीच लांब राहिली असती तर मागणाऱ्याला १४ दिवसांचं कौतुक वाटलं नसतं.

आकडे एकमेकांशी जुळतात का, हे पाहायला जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम पुरतो: आत असलेली कामं म्हणजे कामं सुटण्याचा वेग गुणिले एका कामाचा काळ. तिमाहीला ५६ म्हणजे आठवड्याला सव्वाचार, काळ दोन आठवडे, तर आत सरासरी आठ-नऊ कामं. आठ माणसांच्या टीमला साजेसा आकडा. जुन्या स्थितीत तिमाहीला १७ आणि काळ पाच महिने, म्हणजे पूर्ण होणाऱ्या कामांपुरतंच पाहिलं तरी एका वेळी अठ्ठावीस-एकोणतीस अधांतरी, आणि करणारी माणसं सहा.

हीच टीम मोठ्या चौकटीत असती तर

आज अशी टीम क्वचितच सुटी असते. सेफ ही अनेक टीमांना अजाइल पद्धतीने एकत्र चालवण्याची चौकट २०११ मध्ये डीन लेफिंगवेल यांनी पुढे आणली. तिच्यात अशा टीमा ५० ते १२५ माणसांच्या रिलीज ट्रेनमध्ये, म्हणजे एकत्र नियोजन करणाऱ्या टीमांच्या गटात, गुंफल्या जातात आणि आठ ते बारा आठवड्यांचं नियोजन दोन दिवसांच्या मोठ्या बैठकीत होतं. कानबानला तिच्यात रीतसर जागा आहे, टीमच्या पातळीवर आणि वर पोर्टफोलिओत, म्हणजे मोठ्या उपक्रमांच्या पातळीवरही. कागदावर म्हणून हैदराबादची पद्धत सेफमध्ये बसते.

अडतं ते त्या दोन दिवसांत. दहा आठवड्यांची उद्दिष्टं लिहायची तर क्षमता भरायची, क्षमता भरायची तर प्रत्येक कामाला आकार द्यायचा. म्हणजे २००४ मध्ये दाराबाहेर काढलेला अंदाज स्टोरी पॉइंटचा, म्हणजे कामाच्या आकाराला दिलेल्या गुणांचा, सदरा घालून परत येतो. मेंटेनन्स टीमला याचा फटका सर्वांत जास्त बसतो, कारण आठव्या आठवड्यात कोणत्या ॲप्लिकेशनला कोणता बदल लागेल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसतं. ट्रेनमधल्या अशा टीमने कामांची यादी न देता क्षमतेचा वाटा आणि सेवेचं आश्वासन द्यावं, ‘आठवड्याला चार कामं, २५ दिवसांत’ असं. चौकट याला आडकाठी करत नाही. आडकाठी करतो तो समान साच्याचा हट्ट: सगळ्या टीमांचे तक्ते सारखे दिसले पाहिजेत.

क्रम लावण्यासाठी सेफमध्ये डब्ल्यूएसजेएफ (वेटेड शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट) हे सूत्र वापरतात: उशीर झाल्यास होणारं नुकसान भागिले कामाचा आकार. डोनाल्ड रायनर्टसेन यांच्या मांडणीतून आलेली ही कल्पना चांगली आहे. पण या टीमकडे सगळीच कामं १५ दिवसांच्या आतली. आकारात फरक थोडा, उशिराच्या नुकसानीत फरक प्रचंड. मग खालचा आकडा काढण्यात दिवस घालवण्यापेक्षा वरच्या आकड्यावर पाच मिनिटं भांडलेलं बरं. त्या चार प्रॉडक्ट मॅनेजरांचा आठवड्याचा फोन नेमकं हेच करत होता.

काय वेगळं करता आलं असतं

मजकुराचे किरकोळ बदल हा या प्रकरणातला दुर्लक्षित कोपरा वाटतो. त्यांना डेव्हलपर लागत नसल्याने मुख्य रांगेच्या हिशेबात ते नीट बसत नाहीत, आणि नेमके टेस्टरांवर कोसळतात. टेस्टर तीनाचे दोन केल्यावर ही झुंड अधिक बोचणार हे उघड होतं. आज असं काम हाती आलं तर मी त्यांना स्वतंत्र प्रकार म्हणून वेगळी मर्यादा देईन, आठवड्यातून एक ठरलेला दिवस देईन, आणि तातडीच्या दोषांपासून त्यांना काटेकोरपणे वेगळं ठेवेन. चालू प्रणाली बंद पडली तर रांग मोडायलाच हवी. बटणावरचा शब्द बदलायला नको.

२५ दिवस हा आकडाही आज वेगळ्या रीतीने काढता येईल. मागच्या शे-दीडशे कामांना किती दिवस लागले ते मांडायचं आणि ८५ टक्के कामं ज्याच्या आत बसतात तो दिवस आश्वासन म्हणून घ्यायचा. सरासरीवरून दिलेलं वचन बऱ्याच वेळा मोडतं. इथे ९८ टक्के पाळलं गेलं, याचा दुसरा अर्थ असाही होतो की आकडा बराच सैल होता आणि मधल्या काळात तो घट्ट करता आला असता. पण बदनाम टीमने विश्वास कमावताना सैल आकडा घेणं मला चूक वाटत नाही.

आणि हैदराबाद. रेडमंडपेक्षा तिथलं घड्याळ उन्हाळ्यात साडेबारा तास पुढे, हिवाळ्यात साडेतेरा. एक शंका विचारून उत्तर यायला एक रात्र जातेच. अशा अंतरावर पुढ्यात थांबलेल्या पाच कामांचा साठा फार मोलाचा ठरतो, कारण एक काम उत्तराअभावी थांबलं तरी दुसरं तयार असतं. मात्र तोच साठा अडलेलं काम झाकूनही ठेवतो. अडलेल्या कामांवर वेगळी खूण, आणि ते किती दिवस व कोणाकडून अडलं याची नोंद, एवढी भर मी पहिल्याच आठवड्यात घातली असती. वेळ नोंदवण्याची सवय त्या टीमला होतीच.

काही वर्षांनी, सिॲटलच्या कॉर्बिस कंपनीत अँडरसन यांनी हेच तत्त्व वापरलं, तेव्हा २००७ मध्ये भिंतीवर कार्डं लागली. आपण ज्याला कानबान बोर्ड म्हणतो तो तिथून पुढे पसरला. हैदराबादला सगळं ट्रॅकिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, ईमेल आणि फोनवर चाललं. बोर्ड विकत घेण्यापूर्वी कोणाला या प्रकरणातलं काही करून पाहायचं असेल, तर मागच्या तीन महिन्यांत टीमने किती अंदाज दिले, त्यांवर किती तास गेले आणि त्यांतली किती कामं प्रत्यक्षात झाली, हे तीन आकडे टाइमशीटमधून एका दुपारी निघतात.